सोमवार ते गुरुवार

ऑक्टोबर २०२३मध्ये पीव्हीआर आयनॉक्सनं ‘पासपोर्ट’ नावाचा मासिक पास काढला. महिन्याला ६९९ रुपये, त्यात दहा सिनेमे, सदस्यत्व किमान तीन महिन्यांचं. पास चालणार फक्त सोमवार ते गुरुवार. आमच्या पनवेलच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलणं निघालं, तेव्हा बहुतेकांनी तिथल्या तिथे निकाल लावला. शनिवार-रविवार नसेल तर घेऊन करायचं काय? घरच्यांना घेऊन सिनेमाला जायचे तेच तर दोन दिवस. मी ती अट वाचली आणि मनात म्हटलं, हा पास आपल्यासाठीच काढलाय.

मी रायगड जिल्ह्यातल्या तळ्याची. तेव्हा पनवेलला एका वाहतूक कंपनीत हिशेब बघायचे आणि आणखी तिघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की एसटी स्टँड, महाडकडे जाणारी मिळेल ती गाडी, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत इंदापूर, आणि इंदापूरहून मिनीडोअर रिक्षानं तळा. रविवारी उलटा प्रवास. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा रस्ता चौपदरी करायला २०११ साली घेतला. त्यावर किती वेळ जाईल याचा अंदाज आमच्याकडचा जाणता माणूसही बांधत नाही. शनिवार-रविवार माझे नव्हतेच. ते आईचे, घराचे, परसातल्या कामाचे. पनवेलमध्ये माझ्या वाट्याला यायचे ते सोमवार ते गुरुवार, आणि त्यातल्याही फक्त संध्याकाळी.

त्या संध्याकाळींबद्दल जरा सांगायला हवं, कारण पास परवडतो की नाही हे तिकिटाच्या दरावर जितकं ठरतं त्याहून जास्त या संध्याकाळींवर ठरतं. साडेसहाला ऑफिस सुटायचं. खोलीवर चौघी, एक पंखा, एक मोरी. कुणी घरी फोनवर, कुणी डोकं दुखतं म्हणून दिवा बंद करून पडलेली. भांडणं नव्हती, चांगल्या मुली होत्या सगळ्या. पण साडेसहा ते दहा हे साडेतीन तास बाईमाणसानं एकटीनं घराबाहेर कुठे काढायचे, याला गावात काय की शहरात काय, फार थोड्या जागा आहेत. देऊळ तासभर. बाग अंधार पडेपर्यंत. हॉटेलात एकटी बाई एका चहावर किती वेळ बसणार? पुरुषांना चहाची टपरी आहे, नाका आहे, पारावरच्या गप्पा आहेत. आम्हाला काही विकत घेतल्याशिवाय बसायला जागा नाही.

पास घेताना मी हिशेबाच्या वहीत एक पान वेगळं काढलं. तीन महिन्यांचे २,०९७ रुपये डाव्या बाजूला. उजवीकडे लोक साधारणपणे लिहितात ते लिहायचं मी टाळलं. लोक काय लिहितात? तिकीट अडीचशेचं, दहा सिनेमे म्हणजे अडीच हजार, वजा सातशे, म्हणजे अठराशे वाचले. हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण तो खरा नाही. मी त्याआधी वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे थिएटरात बघायचे. म्हणजे वर्षाचा खर्च सातशे-आठशे, आणि आता तीन महिन्यांतच दोन हजारांवर जाणार. यात वाचलं काहीच नाही, खर्च वाढलाय. कुठलाही पास घेताना त्याची तुलना आपण एरवी जो खर्च खरोखर करत होतो त्याच्याशी करायची. न काढलेल्या तिकिटांचे पैसे वाचले असं धरायचं नाही. मी वहीत ते खर्च म्हणूनच लिहिलं, आणि खर्च म्हणूनच तो मला पटला.

कंपनीच्या बाजूनं बघितलं तर तिचाही हिशेब सरळ आहे. तिच्या २०२३-२४च्या आकड्यांत सरासरी तिकीट २५९ रुपयांचं आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च १३२ रुपयांचा दिसतो. मंगळवारी संध्याकाळी सातच्या खेळाला दोनशे खुर्च्यांत वीस माणसं असली तरी पडदा चालतो, एसी चालतो, दारावरचा माणूस उभा असतो. एकविसावी खुर्ची भरायला जादा खर्च जवळजवळ नाही. त्या खुर्चीवरच्या माणसानं मध्यंतरात पॉपकॉर्न घेतलं तर त्याचे पैसे वर हातात पडतात. दर कमी केला की लोक येतात हेही त्यांनी पाहिलेलं होतं. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून ७५ रुपयांत तिकीट ठेवलं, तेव्हा देशभर गर्दी झाली, आणि १३ ऑक्टोबर २०२३ला ९९ रुपये ठेवले तेव्हाही. पास आला तो त्यानंतर तीन दिवसांनी.

अमेरिकेत हाच खेळ उलट्या बाजूनं खेळून झाला होता. मूव्हीपास नावाच्या कंपनीनं ऑगस्ट २०१७मध्ये महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा देऊ केला. तिची स्वतःची चित्रपटगृहं नव्हती. सदस्य सिनेमाला गेला की मूव्हीपास त्या थिएटरला पूर्ण तिकिटाचे पैसे भरायची. सदस्य वर्षभरात तीस लाखांवर गेले आणि जितके लोक सिनेमा बघत गेले तितकी कंपनी खड्ड्यात गेली. सप्टेंबर २०१९मध्ये ती बंद पडली. रिकामी खुर्ची स्वतःची असेल तर पास देणं परवडतं, दुसऱ्याची खुर्ची विकत घेऊन वाटणं परवडत नाही. पॅरिसमध्ये यूजीसी या थिएटरवाल्या कंपनीनं २००० साली काढलेला पास म्हणूनच टिकला.

पहिल्या सोमवारी गेले ती थोडी बिचकतच. एकटीनं सिनेमाला जायची मला सवय नव्हती. तळ्यात तर सिनेमाचा पडदाच नाही, आणि मुंबईला मावशीकडे गेल्यावर बघितलेले सिनेमे सगळे माणसांच्या घोळक्यात बघितलेले. दारावर पाससोबत ओळखपत्र दाखवायचं होतं, ते दाखवलं, आत गेले, कडेची खुर्ची धरली. पुढच्या दोन रांगा सोडून एक म्हातारं जोडपं, मागे कॉलेजातली मुलं, बाकी सगळं रिकामं. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. थंडगार अंधारात अडीच तास कुणी काही विचारणार नाही, फोन पर्समध्ये, पाय जरा लांब केलेले. खोलीत, ऑफिसात, गाडीत, घरी, कुठेच मला असं बसायला मिळत नव्हतं. सिनेमा कुठला होता ते आता नीट आठवत नाही. बसल्याचं मात्र पक्कं आठवतं.

त्यानंतर मी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा जायला लागले. दहाचा कोटा मी कधीच संपवला नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला ते शक्यही नाही. सोळा-सतरा संध्याकाळींपैकी काहींना ऑफिस उशिरा सुटतं, काहींना धुणं असतं, काहींना नुसतं पडावंसं वाटतं. चार-पाच सिनेमे झाले की पास पूर्ण वापरला असं मी धरायचे. कंपनीनं पुढच्या वर्षी महिन्याला चार सिनेमांचा ३४९ रुपयांचा पास काढला, तो माणसाच्या खऱ्या आठवड्याला धरून होता.

पासमुळे माझ्यात एक बदल झाला. पूर्वी तिकीट काढताना भीती असायची. अडीचशे घालवायचे, वर रिक्षा, आणि सिनेमा पडेल निघाला तर? म्हणून मी मोठं नाव, मोठी जाहिरात, चौघांनी बघून चांगला म्हटलेला असाच सिनेमा बघायचे. पास आल्यावर ती भीती गेली. आवडला नाही तर मध्यंतरात उठून यायचं, पैसे आधीच भरलेत. त्यामुळे ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे सिनेमे मी बघितले, आणि त्यातल्याच एकानं मला धरून ठेवलं.

‘थ्री ऑफ अस’ ३ नोव्हेंबर २०२३ला लागला, मी पुढच्या सोमवारी गेले. आधी ‘किल्ला’ केलेल्या अविनाश अरुण यांचा सिनेमा. शेफाली शाहनं केलेली शैलजा, जिची स्मृती हळूहळू जायला लागली आहे. ती पूर्ण जायच्या आत तिला लहानपणी राहिलेल्या वेंगुर्ल्याला एकदा जाऊन यायचंय. नवरा बरोबर येतो. तिथे शाळेतला जुना मित्र भेटतो, जयदीप अहलावतनं केलेला. फारसं काही घडत नाही. शाळा, घर, विहीर, समुद्र, जुन्या ओळखी. हॉलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती आणि एकही माणूस बोलत नव्हता. मी दक्षिण कोकणातली नाही, आमचा रायगडचा कोकण वेगळा, भाषा वेगळी, लाटेऐवजी आमच्याकडे खाडी. तरी भिंतीवरचं शेवाळ, पडवीतला उजेड, दुपारी ओस पडलेली वाट हे सगळं माझं होतं. शैलजा ज्या घाईनं आणि ज्या शांतपणानं एकेक जागा बघत होती, ते बघताना मला तळ्याची आमची जुनी शाळा डोळ्यापुढे यायला लागली, आणि मी दर शनिवारी तिच्यावरून जाते तरी किती दिवसांत आत डोकावले नाही हे जाणवलं. हा सिनेमा मी अडीचशे रुपये मोजून नक्की बघितला नसता. फोनवर बघायला सुरुवात केली असती तर वीस मिनिटांत दुसरं काहीतरी लावलं असतं. पासचे २,०९७ रुपये माझ्या वहीत त्या एका संध्याकाळी फिटले.

आता याची दुसरी बाजू. सिनेमा लागतो शुक्रवारी. पहिले तीन दिवस ठरवतात की तो राहणार की जाणार. मोठ्या सिनेमाला त्रास नाही, तो पुढचे दोन आठवडे हलत नाही. छोटा सिनेमा, त्यातही मराठी, शुक्रवार ते रविवार लोक आले नाहीत तर सोमवारी त्याचे खेळ निम्मे होतात आणि उरतात ते दुपारी बारा नाहीतर साडेतीनचे. २०१५मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी मोक्याच्या वेळेत खेळ ठेवायला सांगितलं. आधी बोलणं संध्याकाळी सहा ते नऊचं होतं, शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी वेळ ठरली. दुपारी बाराचा खेळ नोकरदार माणसाला काय कामाचा? सोमवार ते गुरुवारच्या पासवर म्हणूनच ज्या सिनेमांना प्रेक्षक हवा आहे, त्यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यांत अवघड. सिनेमा सोमवारपर्यंत टिकायला हवा आणि तो टिकायला शनिवार-रविवारी तिकीट काढणारे लोक हवेत. पासवाल्यांनी छोटा सिनेमा वाचवला असं मी म्हणणार नाही. आम्ही तो उशिरा पोचून बघितला, एवढंच.

त्याच दिवाळीत सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ आला होता, १० नोव्हेंबरला. काळा-पांढरा. आईला तो बघायचा होता. आईनं आचार्य अत्र्यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ लहानपणी शाळेच्या पटांगणात बघितलेला, सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर, दोन बांबूंना बांधलेल्या चादरीवर. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला तो पहिला सिनेमा, हे त्या वेळी गुरुजींनी सांगितलेलं तिला अजून पाठ आहे. मग दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी तिला बरोबर पनवेलला घेऊन आले. एसटीत मला महिला म्हणून अर्धं तिकीट, तिला ज्येष्ठ म्हणून अर्धं. भाडं काही जड गेलं नाही. जड गेला तो रस्ता. तिचे गुडघे, इंदापूरला गाडीची वाट, वडखळचा खोळंबा. खोलीवर पोचेस्तोवर ती दमून गेली होती. मुलींनी तिला गादी दिली, चहा दिला, दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दुपारच्या खेळाला गेलो.

दारावर माझा पास आणि तिचं तिकीट. पास एकाच माणसाचा, तो दुसऱ्याला देता येत नाही. नियम म्हणून मला तो मान्य आहे. पण तिच्यासाठी मी वेगळे पैसे मोजताना तिनं बघितलं आणि लगेच विचारलं,

“तुला फुकट नि मला पैसे?”

“फुकट नाही गं, आधी भरलेत.”

“मग माझे पण आधी भरायचे होतेस.”

“तू महिन्यातून किती वेळा येणारेस इथे?”

“तेच म्हणत्ये मी.”

सिनेमा तिनं अगदी मन लावून बघितला. मधेच माझा हात धरला, सोडला नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग रिक्षात म्हणाली, “चांगला होता. पण त्या वेळी आम्ही सगळी एकदम रडलेलो. आज मी एकटीच रडले.”

“मी होते की.”

“तू होतीस. बाकी सगळी अनोळखी.”

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, पण ती काय म्हणत होती ते मला कळलं, कारण तिच्यानंतरच्या पिढीत मीही ते थोडं अनुभवलंय. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत पूजा असली, गणपती असले, कुणाचं बारसं मोठं असलं की व्हिडिओ लावायचे. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, कॅसेटी तीन. एक देवाची, एक मराठी विनोदी, एक हाणामारीची. घरटी वर्गणी निघायची. ज्याच्याकडे तेव्हा नसायचे त्याचे दुसरा भरायचा, ते पुढे भातझोडणीच्या दिवसांत फिटायचे नाहीतर फिटायचेही नाहीत. अंगणात सतरंज्या, पुढे पोरं, मागे बायका, गडग्याच्या बाजूला पुरुष, दारूचा कुणी असलाच तर लांब. पहाटे तिसरी कॅसेट संपेपर्यंत अर्धी पोरं झोपलेली. वीज गेली की सगळे तसेच बसून राहायचे, कारण उठून गेलं आणि वीज आली तर? सिनेमा कोणता यापेक्षा कोण कुठे हसला हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जास्त बोललं जायचं.

त्या वर्गणीचा आणि माझ्या पासचा हिशेब मी शेजारी-शेजारी मांडून बघितला. पासमध्ये आपण कंपनीला आगाऊ पैसे देतो आणि बदल्यात आपल्या एकट्यासाठी खुर्च्या घेतो. आपण गेलो नाही तर त्याचा फायदा कंपनीला. वर्गणीतही पैसे आगाऊच. पण आपण गेलो नाही तर आपली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते, आणि न भरलेल्यालाही कुणी उठवत नाही. एकटीनं बसायची गरज मला पनवेलमध्ये होती, ती पासनं भागवली, आणि ती गरज काही लहान नाही. तळ्यात ती गरज नाही. तिथे एकांत पोटभर आहे.

२०२४च्या सुरुवातीला आईचे गुडघे फारच बिघडले आणि मी पनवेलची नोकरी सोडून तळ्याला परत आले. माणगावच्या एका ऑफिसात अर्धवेळ काम धरलं. पासची मुदत तोवर संपलीच होती, वाढवायचा प्रश्न आला नाही. तरी ओळखीच्यांनी विचारलं म्हणून तळ्याहून हिशेब करून बघितला. पनवेल शंभर किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन एसटीचं भाडं, इंदापूरपर्यंतची मिनीडोअर, स्टँडवरचा चहा-वडापाव. सिनेमा अडीच तासांचा, प्रवास त्याच्या तिप्पट. सातचा खेळ संपल्यावर परतीची गाडी नाही, म्हणजे दुपारचाच खेळ धरायचा, म्हणजे दिवसाचा रोज बुडाला. इथे राहणाऱ्या माणसाला तिकीट पूर्ण फुकट दिलं तरी सिनेमा महाग पडतो. पास घ्यावा की नाही हे विचारणाऱ्याला मी आता आधी त्याच्या घरापासून थिएटरपर्यंत चालत किती वेळ लागतो ते विचारते. वीस मिनिटांच्या आत असेल आणि आठवड्यातल्या चार संध्याकाळींपैकी एक तरी मोकळी असेल तर घ्यावा, आणि आवडीच्या नटापलीकडचे सिनेमे बघण्यासाठी घ्यावा. गाडी बदलून जावं लागत असेल तर घेऊ नये. शनिवारी-रविवारी कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांनी तर नकोच, त्यांनी तिकीट काढून जावं, त्यांच्या तिकिटावरच मराठी सिनेमाचा सोमवार उजाडतो.

तळ्यासाठी मात्र दुसरं काहीतरी करता येईल असं मला वाटायला लागलं होतं. आगाऊ वर्गणी भरून सिनेमा बघायची रीत मल्टिप्लेक्सच्या खूप आधीपासून आपल्याकडे आहे. १९५९मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झालं. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, सुधीर नांदगावकरांनी त्यासाठी आयुष्य दिलं. त्यांच्याकडेही सदस्यत्व, तेही थोडक्या वर्गणीचं, आणि त्यात खुर्चीबरोबर सिनेमानंतरची चर्चा. अंगणातला व्हिडिओ आणि प्रभातचा पडदा यांत अंतर खूप, पण पैसे गोळा करायची पद्धत एकच.

खरं तर आमच्या भागात ती पद्धत याहून कितीतरी जुनी आहे. तळ्याच्या पलीकडे राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत, डोंगरात खोदलेली सव्वीस. तिथल्या ब्राह्मी लेखांत कुणी काय दिलं ते कोरलेलं आहे. त्यात मोठे व्यापारी आहेत तसा फुलं विकणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याच्या घरातला माणूस आहे. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची टाकी. एकट्यानं डोंगर पोखरता आला नसता. लहानपणी सहलीला जायचो तेव्हा आम्हाला फक्त मूर्ती दाखवायचे. ती देणाऱ्यांची नावं मी अलीकडे, एका जाणकाराबरोबर गेले तेव्हा नीट ऐकली आणि मला फार आपलीशी वाटली.

शाळेतल्या दोन बाई, आमच्या वाडीतले एक निवृत्त तलाठी काका आणि मी, अशी आम्ही सुरुवात केली. घरटी महिन्याला पन्नास रुपये, न जमल्यास नाही. प्रोजेक्टर एका मंडळाकडे होता, पडदा आम्ही शिवून घेतला. सगळ्यांत अवघड निघाली ती परवानगी. गावात चार माणसं बोलावून सिनेमा दाखवायचा तर तो ज्याचा आहे त्याची लेखी संमती हवी. मोबाइलवरच्या ॲपचे पैसे भरलेत म्हणून तो पडद्यावर लावता येत नाही, कारण ते पैसे आपल्या घरापुरते. तलाठी काका या बाबतीत फार कडक. “कागद आल्याशिवाय बटण दाबायचं नाही,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पूर्वी शाळांना मुलांचे सिनेमे मिळायचे ते चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीकडून. १९५५मध्ये स्थापन झालेली ती संस्था २०२२मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, म्हणून तिथे पत्र लिहायचं ठरलं. काही निर्मात्यांना आम्ही थेट लिहिलं. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एकानं मात्र फोन केला, गाव कुठे, माणसं किती, तिकीट लावणार का, असं सगळं विचारलं, आणि नाममात्र रकमेत संमती दिली. आमच्या सदस्यांच्या यादीत तेव्हा चाळीसेक घरं होती, आणि ती रक्कम एका महिन्याच्या वर्गणीतून निघाली.

पहिला खेळ शाळेच्या हॉलमध्ये झाला. आईला खुर्ची पुढे हवी होती, म्हणजे पाय लांब करता येतात, पण तिच्यापुढे पोरं येऊन बसली आणि तिनं त्यांना बसू दिलं. मध्यंतर ठेवायचं की नाही यावर वाद झाला. बायकांनी ठेवा म्हणून सांगितलं, चहा करायचा होता. आवाजाचा त्रास झाला, एक स्पीकर मधेच बंद पडला, तो पुढच्या महिन्याच्या खर्चात दुरुस्त करायचा आहे. सिनेमा संपल्यावर दोन बाईंपैकी एकीनं सगळ्यांना थांबवून विचारलं, काय आवडलं, काय नाही. सुरुवातीला सगळे गप्प. मग एका आजींनी सुरुवात केली आणि शेवटची मिनीडोअर गेली तरी बोलणं चालू होतं, इंदापूरकडच्या दोघांना काकांनी आपल्या गाडीनं सोडलं.

पुढच्या महिन्याचा खेळ शनिवारी ठेवायचा की रविवारी, यावर अजून एकमत नाही. मुंबई-पनवेलला नोकरी करणारी पोरं म्हणतात शनिवार ठेवा, रविवारी दुपारी आम्हाला निघावं लागतं. शेतावर जाणाऱ्यांना रविवार बरा पडतो. मी शनिवारच्या बाजूची आहे. शुक्रवारी रात्री उशिरा इंदापूरला उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात काहीतरी असावं असं मला फार वाटतं. स्पीकरच्या दुरुस्तीचे साडेचारशे सांगितलेत, तेवढे जमलेत.